आखाजीची घागर आणि अकरा सर्व्हर

ऐन उन्हाळ्यात जळगावला चालले आहे असं सांगितल्यावर शेजारीण म्हणाली, "काय गुन्हा केलास गं?" मी म्हटलं, गुन्हा दुसरे करतात, मी निस्तरायला जाते. माझा धंदाच तो आहे. लोकांच्या सर्व्हरच्या खोल्या बघायच्या, कुठलं यंत्र बसल्या जागी वीज जाळतंय ते हुडकायचं आणि दहा यंत्रांचं काम दोन यंत्रांवर आणून द्यायचं. मूळची मी कोल्हापूरची, संसार पुण्यात, आणि स्वभाव दोन्हीकडचा, म्हणजे बोलणं तिखट आणि दुपारची झोप हवीच. खानदेशात याआधी मी कधी उतरलेच नव्हते. उत्तरेकडे जाताना गाडीच्या खिडकीतून केळीच्या बागा दिसायच्या, स्टेशनवर केळीचे वेफर विकायला यायचे, एवढीच ओळख.

बोलावणं आलं होतं ते डोळ्यांच्या एका धर्मादाय दवाखान्याकडून. मुख्य दवाखाना जळगावच्या पिंप्राळ्यात, शाखा धुळ्यात, आणि एक गाडी आहे ती अधूनमधून पार पश्चिमेला पिंपळनेरकडे जाते. गाडीत डोळ्याच्या आतला फोटो काढायचं यंत्र असतं. फोटो तिथून जळगावला येतो, डॉक्टर बघतात आणि कोणी पुढे काय करायचं ते कळवतात. दवाखान्याचे मोठे डॉक्टर फोनवर फार सभ्यपणे म्हणाले, की सर्व्हरच्या खोलीचं विजेचं बिल आता पेलवत नाही, आणि असंच चाललं तर पावसाळ्यापासून पिंपळनेरची गाडी बंद करावी लागेल. बंद करण्यासारखं दुसरं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. मी बॅग भरली.

पिंप्राळा

जळगावचं ऊन म्हणजे पुण्याच्या उन्हाहून थोडं जास्त, असं मी समजून गेले होते. तसं नाही. पुण्यात ऊन वरून पडतं, इथे ते चारी बाजूंनी येतं, खालून जमिनीतूनही येतं. रिक्षातून उतरताना लोखंडी दांडा धरला आणि "आई गं" म्हणून सोडला. रिक्षावाल्यानं शांतपणे सांगितलं, की ताई, उन्हाळ्यात दांडा धरायचा नसतो. स्कूटरवरच्या बायका रुमालात अशा गुंडाळलेल्या की फक्त गॉगल दिसावेत. गच्च्यांवर मात्र लगबग होती. जुन्या साड्या अंथरून त्यांवर ज्वारीचे पापडासारखे बिबडे आणि गव्हाच्या कुरडया वाळत घातल्या होत्या. ज्या उन्हानं मी हैराण झाले होते, त्याच उन्हात हे लोक वर्षभराची बेगमी करून घेत होते.

दवाखान्यात रफीकभाई भेटले. वायरिंगपासून सर्व्हरपर्यंत सगळं तेच सांभाळतात. चाळिशीतले, सडसडीत, पांढरा शर्ट आणि खिशाला टेस्टर. त्यांनी माठातलं पाणी दिलं आणि म्हणाले, "मॅडम, आज नाना सकाळपासून गरम आहेत. माई ठीक आहेत. आबांचं मात्र आता वय झालं."

मी पेला खाली ठेवला. घरी एवढी आजारपणं असताना हा माणूस कामावर का आला, म्हणून मी त्यांना सुटी घ्या म्हटलं. ते आधी गोंधळले, मग गालातल्या गालात हसले आणि मला सर्व्हरच्या खोलीत घेऊन गेले.

खोलीत अकरा सर्व्हर होते आणि प्रत्येकाच्या कपाळावर पितळेची पाटी. अमुक नानांच्या स्मरणार्थ, तमुक माईंच्या स्मरणार्थ. एक अप्पा होते, एक जिजी होत्या, आणि दाराजवळ सगळ्यांत जुना, पिवळट पडलेला सर्व्हर होता, त्यावर आबा. आमच्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर अशी नावं रंगवतात. पंखा फिरायला लागला की नाव दिसेनासं होतं, हा भाग वेगळा. बाकावर, भिंतीवरच्या घड्याळावर, पाण्याच्या टाकीवरही मी नावं वाचली आहेत. पण सर्व्हरवर स्मरणार्थ ही पाटी मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.

आणि बिल का फुगलं, हे मला तिथे उभ्या उभ्याच कळलं. आधी एकटे आबा होते. ते भरत आल्यावर खरं तर आत एक मोठी डिस्क घातली असती तरी भागलं असतं. पण डिस्क राहते यंत्राच्या पोटात. तिच्यावर पाटी कुठे लावणार? वडिलांच्या नावानं द्यायला निघालेल्या माणसाला, तुमचे वडील आत आहेत, दिसायचे नाहीत, असं कोण सांगणार? आणि दुसऱ्याच्या वडिलांच्या यंत्रावर आपल्या वडिलांची पाटी लावणं तर कोणालाच पटेना. म्हणून दरवेळी नवं यंत्र आलं. कोणाची लबाडी नाही की हलगर्जी नाही, सगळा चांगुलपणाच. माईंवर फक्त नंबर लावायचं काम चाले. जिजींवर धुळ्याच्या चष्म्याच्या दुकानाचा हिशेब. आबांमध्ये जुने फोटो होते, ते कोणी क्वचित मागे.

सर्व्हर रिकामा बसला तरी वीज पितोच, आणि बरीच पितो. प्यायलेल्या विजेची उष्णता होते, ती बाहेर काढायला एसी लागतो, तो पुन्हा वीज पितो. म्हणजे एकाच गोष्टीचे पैसे दोनदा. अकरा जणांनी अकरा शेगड्या पेटवून प्रत्येकी एक कप चहा करावा आणि मग घर तापलं म्हणून पंखे लावावेत, तसा प्रकार होता. एक मोठी शेगडी आणि एक मोठं पातेलं पुरे की! आमच्या धंद्यात याला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. एका दणकट, कमी वीज खाणाऱ्या यंत्रात अनेक यंत्रं मानून चालायचं. प्रत्येकाला वाटतं आपलं स्वतंत्र घर आहे, पण छप्पर एकच.

नानांचं झाकण उघडलं तर आत पांढरी खपली. खार साचला होता, पंख्याच्या पात्यांवर, जोडांवर, सगळीकडे. मी रफीकभाईंकडे पाहिलं. त्यांनी कान पकडले. गेल्या उन्हाळ्यात एसी बंद पडला होता आणि दुरुस्तीवाला यायला तयार नव्हता. रफीकभाईंच्या वडिलांचा पत्र्याचे कूलर बनवायचा कारखाना आहे, अर्धं पिंप्राळा त्यांच्या कूलरपुढे झोपतं. घरात ऊन मावेना की खानदेशी माणूस कूलर लावतो, पाणी भरतो, वाळ्याचा गारवा घेतो. रफीकभाईंनी तेच केलं. नाना-माईंना झळ लागू नये म्हणून घरचा सगळ्यांत मोठा कूलर आणून त्यांच्या तोंडापुढे लावला. बोअरचं खारट पाणी वाऱ्याबरोबर आत गेलं आणि सुकून तिथेच बसलं.

"माणसाला जे चांगलं, ते त्यांनाही चांगलं असणार असं वाटलं, मॅडम," ते म्हणाले. मी रागावायचं ठरवलं होतं, पण मला राग आलाच नाही.

संध्याकाळी त्यांनी मला शेवभाजी खायला नेलं. कोल्हापूरच्या माणसाला तिखटाची भीती घालू नका, असं मी ऐटीत सांगितलं. पहिल्या घासाला बरं वाटलं. तिसऱ्या घासाला नाक वाहायला लागलं. आमच्या रश्श्याचं तिखट दारातूनच ओरडत येतं, इथलं काळ्या मसाल्याचं तिखट गुपचूप आत शिरून बसतं. गर्वाचं घर खाली, दुसरं काय. रफीकभाईंनी केळं पुढे केलं.

जेवता जेवता मी त्यांना आराखडा सांगितला. नवी दोन यंत्रं, एक पिंप्राळ्यात, एक धुळ्याच्या शाखेत. अकराही जणांचं काम त्या दोघांत. एक बंद पडलं तर दुसरं ओढून नेईल. एसी एकच लागेल, वीज गेली तर बॅटरी जास्त वेळ पुरेल, आणि बिल इतकं उतरेल की गाडीचं डिझेल निघेल. त्यांना सगळं पटलं. पण ते म्हणाले, यंत्रांचं होईल, पाट्यांचं काय? बाकी दहा घरं धुळ्याच्या अक्कांकडे बघून चालतात. पहिलं यंत्र अक्कांनी दिलं, आबा म्हणजे त्यांचे यजमान. अक्का हो म्हणाल्या तर सगळे हो म्हणतील. डॉक्टरांची त्यांच्यापुढे तोंड उघडायची हिंमत नव्हती. म्हणून ते काम माझ्या गळ्यात आलं होतं.

धुळे

रफीकभाईंबरोबर पारोळ्यावरून धुळ्याला जाताना दोन्ही बाजूंना नांगरून तापत ठेवलेली काळी रानं होती, पावसाची वाट बघत पडलेली, आणि मधूनमधून कडुनिंबाखाली बसलेल्या म्हशी. धुळे मला आवडलं. रस्ते सरळ, काटकोनात वळणारे. पुण्यात पत्ता सांगायला अर्धा तास लागतो, इथे दोनदा उजवीकडे वळलं की माणूस सापडतो. पांझरा कोरडी पडली होती आणि पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती.

अक्कांचं घर देवपुरात. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर कडुनिंबाची सावली. अक्का सत्तरीच्या पुढच्या, बसक्या बांध्याच्या, आवाज भारदस्त. दुसऱ्या दिवशी आखाजी होती. आपली अक्षय्य तृतीया, पण आमच्याकडे त्या दिवशी फार तर आमरस होतो आणि सराफाच्या दुकानात गर्दी होते. खानदेशात आखाजी म्हणजे दिवाळीच्या तोडीचा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, पुरुष राजरोस पत्ते कुटतात, आणि घरोघर पितरांची घागर भरतात. अक्का ओट्यावर पुरणाची डाळ निवडत बसल्या होत्या.

आबा एसटीत ड्रायव्हर होते. धुळे-पिंपळनेर ही त्यांची नेहमीची गाडी. काचबिंदूनं त्यांची बाजूची नजर आधी गेली, आणि समोरचं नीट दिसत असल्यामुळे त्यांना ते कळलंच नाही. एकदा कडेनं चाललेली बैलगाडी दिसली नाही. कोणाला लागलं नाही, पण आबांनी त्याच दिवशी स्टिअरिंग सोडलं. तपासणी झाली तोवर उशीर झाला होता. पुढे सगळाच अंधार. आबा गेल्यावर अक्कांनी पाटल्या मोडून दवाखान्याला पहिला सर्व्हर दिला. त्या वाटेवरच्या लोकांच्या डोळ्यांचे फोटो कुठेतरी नीट राहावेत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. दरवर्षी आबांच्या तिथीला त्या जळगावला जाऊन यंत्रापुढे उदबत्ती लावतात. रफीकभाई तेवढ्यापुरता धुराचा अलार्म बंद ठेवतात.

मी माझं सगळं शहाणपण पणाला लावून समजावलं. अक्कांनी ऐकून घेतलं, गाडी बंद पडायची गोष्टही ऐकली, आणि एकच विचारलं.

"मशीन बंद करशात, मंग आबा कोठे राहतीन?"

अहिराणी मला अर्धीमुर्धी कळते, पण हे लख्ख कळलं. आणि उत्तर सुचेना, तेव्हा माणसानं गप्प बसावं. मी बसले नाही. जित्याची खोड. मी म्हटलं, "अक्का, त्या मशीनला आता कामच नाही हो. नुसतं बसून वीज खातं."

अक्कांचे हात थांबले. त्यांनी डाळीची परात उचलली आणि त्या आत निघून गेल्या. रफीकभाईंनी डोळे मिटून घेतले. बराच वेळ थांबलो, पण आतून कोणी बाहेर आलं नाही.

चहाच्या टपरीवर रफीकभाईंनी सांगितलं. नोकरी सुटल्यावर आबा त्याच ओट्यावर दिवसभर बसून असायचे. भावकीतले लोक येता-जाता त्यांच्यासमोरच बोलायचे, की बसून खातो. आबांना दिसत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. अक्कांनी त्यानंतर त्या घरांची पायरी चढणं सोडलं. आणि मी, पुण्याहून येऊन, तेच शब्द त्याच ओट्यावर बोलून आले होते. मला इतकी लाज वाटली की चहा तसाच राहिला. लाज एकीकडे आणि दुसरीकडे पिंपळनेरची गाडी, ती तर मी माझ्या जिभेनं बंद पाडल्यातच जमा होती. रात्रीची जळगावची बस धरावी असं मनात आलं.

तेवढ्यात रफीकभाईंचा फोन वाजला. अक्कांचाच होता. त्यांनी फक्त जेवायला बोलावलं होतं. आखाजीच्या आदल्या दिवशी दारी आलेला माणूस उपाशी परत पाठवला तर पितर रुसतात म्हणे. त्या पुण्याच्या बाईलाही आण, असं म्हणाल्या. नावानं नाही म्हणाल्या.

आखाजी

सकाळी रफीकभाई बाजारातून खरबूज घेऊन आले. अक्कांच्या घागरीवरचं खरबूज दरवर्षी तेच आणतात, डॉक्टरांनी आणलेलं अक्का बाजूला ठेवतात. घरात खापरावरच्या पुरणपोळ्या चालल्या होत्या. हे बघण्यासाठी तरी खानदेशात यावं. पोळी लाटत नाहीत. हातावरून हातावर झेलत झेलत ती कोपरापर्यंत मोठी करतात आणि उलट्या घातलेल्या तापल्या खापरावर अलगद पसरतात. अक्कांची पुतणसून करत होती. मी एकदा करून बघू का म्हटलं. पोळी माझ्या मनगटावरून घसरली आणि जमिनीवर पडली. मांजराची आखाजी झाली. अक्का हसल्या नाहीत, पण माझ्याकडे त्यांनी पाट सरकवला.

मग घागर आली. लाल मातीची नवी घागर, पाण्यानं भरलेली, तिच्या तोंडावर छोटं मातीचं भांडं, वर सांजोरी, आंबे आणि रफीकभाईंचं खरबूज. उन्हातान्हाच्या दिवसांत गेलेल्या माणसांना गार पाणी मिळावं, म्हणून ही घागर. अक्कांचा पुतण्या उंबऱ्याशी बसला. अक्का एकेका पितराचं नाव सांगायच्या आणि तो कुंकवात बोट बुडवून उंबऱ्यावर एक रेघ ओढायचा. सासरे झाले, सासू झाली, दीर झाला. मग अक्कांनी आबांचं नाव घेतलं. पुतण्यानं रेघ ओढली आणि बोट पुसायला लागला.

अक्का पुढे बोलतच राहिल्या. नानांचं नाव आलं. माईंचं आलं. अप्पा, जिजी. ही नावं मी पिंप्राळ्याच्या खोलीत पितळेवर वाचली होती. पुतण्यानं वर पाहिलं, ही आपल्या घरातली कोण, असा चेहरा करून.

"एकच खोलीमा ऱ्हातस ना त्या," अक्का म्हणाल्या. "काढ रेघ."

त्यानं निमूटपणे रेघा ओढल्या. उंबरा या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल झाला. मी भिंतीला टेकून उभी होते. अक्का घागरीकडून माझ्याकडे वळल्या.

"घागर एकच शे. नाव बठ्ठासनं लेतस." घागर एक, नावं सगळ्यांची घेतात. मग त्यांनी विचारलं, "तुम्हनं नवं मशीन आसंच शे का?"

मी म्हटलं, "हो अक्का, असंच आहे." आणि यावेळी तोंड तेवढ्यावरच बंद ठेवलं. कालच्या बोलण्याची माफी मी मागितली, तर त्यांनी ती हातानंच बाजूला सारली आणि जेवायला बसवलं. आमरस, पोळी, तिखट रशी, भजी, कुरडई. आमच्याकडे पोळीवर दूध किंवा तूप घेतात, इथे पोळी रसात बुडवून खातात. मी दोन खाल्ल्या, म्हणजे पुण्याच्या हिशेबानं सहा.

हात धुताना अक्का शेजारी आल्या. यंत्र बंद करायला त्यांची ना नव्हती. बाकीच्या घरांशी त्या स्वतः बोलणार होत्या. पण एक अट होती.

"नुसतं नाव नको. आबाले काम द्या. पिंपळनेरनं."

माझ्या आराखड्यात आबा म्हणजे जुन्या फोटोंचा कोपरा होता, सगळ्यांत लहान. पण नव्या यंत्रात कोणाला किती बळ द्यायचं हे आपल्याच हातात असतं. म्हाताऱ्या आबांना तिथे जवान करता येत होतं. मी म्हटलं, देते.

पुन्हा पिंप्राळा

नवी यंत्रं आली, एकेकाचं काम एकेक करून आत गेलं. सुरुवात नानांपासून केली. पहिल्या खेपेला माईंचे नंबर उलटे पडले आणि सकाळी आलेले पेशंट दुपारचे झाले. ओरडा झाला, मग सुरळीत झालं. आबा शेवटी, आणि पिंपळनेरचे फोटो आता त्यांच्याच नावावर उतरणार होते.

त्या दिवशी अक्का आल्या. त्यांच्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता. खोलीच्या दारात रफीकभाई आडवे झाले. "अक्का, उदबत्ती लावा, नारळ फोडा, काय वाटेल ते करा. पाणी नको. पाण्यानं मी एकदा पोळलोय." अक्का पोटभर हसल्या. ओळख झाल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते. तांब्या दाराबाहेर राहिला.

अक्कांनी जुन्या यंत्राच्या पाटीवरून पदर फिरवला. रफीकभाईंनी बटण दाबलं. आबांचा पंखा घरघरत मंद झाला आणि थांबला. मग जादाचे एसीही बंद केले. वर्षानुवर्षं त्या खोलीत कानठळ्या बसवणारा आवाज होता, तो गेल्यावर बाहेरच्या रसवंतीचे घुंगरू ऐकू यायला लागले. रफीकभाईंना ती शांतता सोसवेना, ते उगीचच वायरी चाचपत राहिले. नव्या कपाटाच्या दारावर दहा पाट्या ओळीनं लावल्या. आबांची पाटी मात्र अक्कांनी पिशवीत टाकली. कुठे नेताय, असं मी विचारलं नाही.

पिंपळनेर

डॉक्टरांनी बिल पाहून गाडी चालू ठेवायचं ठरवलं, आणि पुढच्या खेपेला मी हट्टानं बरोबर गेले. अक्काही निघाल्या. साक्री सोडल्यावर मुलूख बदलतो. सपाट रानं संपतात, डोंगर जवळ येतात, आंब्याची आणि मोहाची झाडं दिसायला लागतात, बाजारात कानावर अहिराणीबरोबर कोकणा आदिवासींची कोकणी आणि भिली पडते. वारा थोडा माणसात येतो. अक्का सगळा रस्ता खिडकीशी बसून होत्या. कुठला थांबा, कुठला घाट, कुठे आबा चहा प्यायचे, हे त्या सांगत होत्या, कोणी ऐको न ऐको. गाडीत ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पितळी पाटी नव्यानं ठोकलेली होती.

शिबिर शाळेच्या पडवीत होतं. फोटो काढायला सुनंदा होती, साक्रीकडचीच पोर, हात चलाख, तोंड त्याहून. माणसं रांगेत बसली होती. मधेच एक काळी-पिवळी जीप चालवणारा माणूस आला. त्याला बायकोनं ढकलून आणलं होतं. मला चांगलं दिसतंय, लांबची पाटी वाचून दाखवू का, असं तो सगळ्यांना सांगत होता. सुनंदानं त्याची हनुवटी यंत्रावर टेकवली, फोटो काढला आणि पाठवला. पडद्यावर नाव उमटलं. ती सवयीनं मोठ्यानं म्हणाली, "आबाले पोचनं."

अक्का खुर्चीत ताठ झाल्या. सुनंदानं त्यांना पडदा दाखवला. आबा, आणि पुढे हिरवी खूण. अक्कांना वाचता येत नाही, पण ते नाव त्या चित्रासारखं ओळखतात. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"मंग काम करी राहिनात आबा," त्या हळूच म्हणाल्या.

"दिनभर करी राहिनात," सुनंदा म्हणाली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

थोड्या वेळानं जळगावहून डॉक्टरांचं उत्तर आलं. जीपवाल्याच्या डोळ्यात काचबिंदूची सुरुवात दिसत होती. बाजूची नजर थोडी गेली असावी, आत्ता औषध सुरू केलं तर बाकीची राहील. सोमवारी धुळ्याच्या शाखेत यायला सांगितलं होतं. सुनंदानं त्याला समजावलं, तर तो खांदे उडवून म्हणाला की सोमवारी बाजार असतो, गाडी उभी ठेवून चालायचं नाही, पुढच्या महिन्यात बघू. बायको त्याच्याकडे बघत राहिली. सुनंदानं माझ्याकडे पाहिलं, मी अक्कांकडे.

अक्का उठल्या. त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. तो बसलेला होता, त्यामुळे दोघांचे डोळे समोरासमोर आले.

"सोमवारे धुयाले ये," अक्का म्हणाल्या. "आबानी सांगेल शे."

आबांनी सांगितलंय, पण कोण आबा, हे त्यानं विचारलं नाही. आमच्याकडे असता तर आधी तेच विचारलं असतं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि येतो म्हणाला, "येस, अक्का."

सोमवारी संध्याकाळी मी पुण्याला निघाले. धुळ्याहून रफीकभाईंचा फोन आला, की तो जीपवाला बायकोला घेऊन सकाळीच येऊन बसला होता, दवाखाना उघडायच्या आधी.